मस्कतहून दिसणारं घर

काल्हेर, ५ ऑगस्ट २०२५

चि. तुळशीरामास आनंदीताईचे आशीर्वाद.

राखी सोबत आहे. तुझा गुडघा नुकताच कापून शिवलाय म्हणून तू येऊ शकत नाहीस, आणि मला इथून कोणी हलू देत नाही म्हणून मी येऊ शकत नाही. दहा-बारा किलोमीटरांवर बहीण-भाऊ, आणि राखी जाते भाजीच्या पिशवीतून. दामू खारबावहून रोज टेम्पो घेऊन आमच्या बिल्डिंगखाली येतो आणि माझी भाजी वर आणून देतो. रिकाम्या पिशवीत हे पत्र टाकतेय. उत्तरही त्याच्याच हाती पाठव, मेथीच्या जुडीखाली.

फोन का करत नाही म्हणशील. तेच सांगायचंय. गेल्या आठवड्यात मनोजने मस्कतहून इथे इंटरनेटवाला पाठवला. माझा लेक तिकडे हापिसात हेच वायरींचं काम करतो, पण आईच्या घरी उंटावरून शेळ्या हाकतो. तो माणूस भिंतीला भोक पाडत होता आणि मनोज मोबाईलमधून सांगत होता, इथे लाव, तिथे लाव. आता हॉलमध्ये एक पांढरा डबा, एक काळा शिंगांचा डबा, आणि त्याला जोडलेला टेबलावरचा फोन. हॉलमध्ये एक कॅमेरा, स्वयंपाकघरात एक. दाराला एक चिमुकलं यंत्र. दार उघडलं की मस्कतला त्याच्या मोबाईलवर टिंग वाजतं म्हणे. जाताना तो माणूस म्हणाला, "अम्मा, लाल बत्ती जली तो समझो लाइन गया." लाईन गेली तर बरंच होईल, असं मी मनात म्हटलं.

तुळशीराम, तो फोन वाजत नाही. आपोआप उचलला जातो. मी तांदूळ निवडत बसलेली असते आणि टेबलावरून आवाज येतो, "आई, औषध घेतलंस?" पहिल्या दिवशी माझ्या हातातलं सूप उडालं. मोबाईल आहे, पण घरात बोललेलं कॅमेरा ऐकतो. हे पत्रसुद्धा त्याला दिसतंय. काय लिहितेस असं मनोजने विचारलं तर मी सांगितलं, रामनाम लिहिते. देव मला माफ करो.

मे महिन्यात खारबावला मोरीत घसरून मी चार तास पडून राहिले, हे मी विसरले नाही. तूच मला उचललंस. मनोज घाबरला, मी त्याचं ऐकून इथे सातव्या मजल्यावर आले. पण बोली अशी होती की पावसाळा काढायचा आणि दसऱ्याला आपल्या घरी जायचं. मी दिवस मोजतेय. तोवर निदान त्या फोनची जीभ कशी आवरायची ते सांग. तू टेलिफोन खात्यात लाईनमन होतास, अर्ध्या तालुक्याच्या तारा तू ओढल्यास.

तुझी,
ताई


खारबाव, ९ ऑगस्ट

ती. ताईस तुळशीरामचा साष्टांग नमस्कार.

राखी नातीकडून बांधून घेतली. ती म्हणाली, आजोबा, ओवाळणी आत्याआजीला पाठवायची की मला? तिलाच दिली.

आता तुझं घर समजून घे. पांढऱ्या डब्यात येते ती काचेची तार, केसाएवढी बारीक, तिच्यातून उजेड धावतो. ती वाकवू नकोस, मोडते. पांढरा डबा उजेडाचं वायरीतलं बोलणं करतो आणि काळ्या डब्याला देतो. काळा डबा म्हणजे राउटर. घरात कुणाला किती द्यायचं ते तो वाटतो: फोनला वायरीने, कॅमेऱ्यांना हवेतून. आमच्या वेळी एक्स्चेंजमधून दोन तांब्याच्या तारा यायच्या आणि करंटही त्यांतूनच यायचा. गावात वीज गेली तरी फोन जिवंत. तुझा फोन घरच्या विजेवर चालतो, म्हणून मनोजने खाली बॅटरी ठेवली असेल. राउटरचं बटण बंद केलंस तर सगळंच मरेल, पण मनोजला ताबडतोब कळेल आणि तो माणूस पाठवेल. तसं करू नकोस.

फोनच्या तळाशी नाव-नंबरचा कागद असतो, तो तू लिहून पाठवला नाहीस, पण दामूला मी ते बघायला सांगितलं होतं. मोबाईलवर त्याचं पुस्तक सापडलं. मेनूचं बटण दाब. खालच्या बाणाने 'फीचर्स'पर्यंत जा. त्यात 'ऑटो आन्सर' असेल, ते 'ऑफ' कर आणि ओके दाब. मग फोन फोनासारखा वाजेल.

तुझ्या पत्रांची काळजी करू नकोस. खांबावर चढून मी कमरेचा तपासणीचा फोन तारेला लावला की लोकांची बोलणी कानात पडायची. भांडणं, सोयरिकी, काय काय. बत्तीस वर्षं "लाईन चेक" म्हणून लगेच काढून घेतला. एका घरचं दुसऱ्या घरी कधी नेलं नाही.

तुळशीराम


काल्हेर, १६ ऑगस्ट

चि. तुळशीरामास आशीर्वाद.

जमलं. चष्मा लावून, देवाचं नाव घेऊन चार बटणं दाबली. दुपारी फोन वाजला. नुसता वाजला. मी मुद्दाम सात वेळा वाजू दिला आणि मग उचलला. इथे आल्यापासून एवढं बरं वाटलं नव्हतं.

मनोज म्हणाला, "आई, सेटिंग बदललं का तू?" मी म्हटलं, पुसताना काहीतरी दाबलं गेलं असेल. त्याने औषधाचं विचारलं आणि फोन ठेवला.

पण बाकीचं तसंच आहे. तो वाईट नाही रे. वाईट असता तर भांडले असते. "आई, आज भात कमी घेतलास." "आई, पंख्याखाली नको बसू." मोरीत वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ गेला तर शेजारच्या हेमालीला फोन जातो आणि ती बिचारी दार ठोठावते. हेमाली चांगली मुलगी आहे, पण माझ्यामुळे तिची पोळी रोज तव्यावर करपते. खाली गेले तर वॉचमन विचारतो, "आजी, कोण सोबत आहे?" तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

एक तुलाच सांगते. मनोजने डॉक्टरांना सांगून मला ती मन शांत करायची गोळी सुरू केली आहे. ती घेतली की दिवसभर डोळे मिटतात. मी ती तोंडात धरते आणि गॅलरीतल्या गुलाबाच्या कुंडीत टाकते. गॅलरीत कॅमेरा नाही. गुलाब मात्र अगदी शांत झालाय.

ताई


काल्हेर, १२ सप्टेंबर

चि. तुळशीरामास आशीर्वाद.

तुझं उत्तर नाही. गणपतीत पत्र लिहायला वेळ मिळाला नसेल असं धरून चालते.

परवा मनोज म्हणाला, "आई, गॅलरीतली कुंडी जरा उकरून दाखव." माझ्या पायाखालची फरशी सरकली. त्याला काय सांगणार? मोबाईल हातात धरून कुंडी उकरली. अठरा गोळ्या निघाल्या, पांढऱ्या, फुगलेल्या. तो रागावला नाही. नुसता म्हणाला, "आई, असं करशील तर मी तुला एकटीला खारबावला कसा सोडू?"

आणि मग मुख्य गोष्ट. दसऱ्याला जायचं नाही. तो पुढच्या मे महिन्यात येणार, तेव्हा बघू. मी म्हटलं, बोली काय ठरली होती? तो म्हणाला, "आई, बोलीपेक्षा तू महत्त्वाची."

पुढचा मे म्हणजे आणखी आठ महिने. माझं वय सत्तर. मला भीती मरणाची नाही, या सोफ्यावर बसून राहण्याची आहे. सकाळी कोणी हाक मारत नाही, कोणाला मी हाक मारत नाही. इथे राहिले तर मी माझ्या घरी परत कधी जाणार नाही, हे मला आता पक्कं कळलं आहे.

मला एवढंच सांग, हॉलमधला कॅमेरा गॅलरीतलं बघतो का? मी सगळीकडून उभी राहून पाहिलं. मध्ये भिंत आहे.

ताई


खारबाव, १५ सप्टेंबर

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

आजकालचे कॅमेरे फार पुढे गेले आहेत. त्यांची मान आपोआप फिरते. समोरच्या काचेत गॅलरीचं प्रतिबिंब पडत असेल, त्यातही दिसतं. तू त्याचा विचार करू नकोस.

ताई, मनोजचं जरा ऐक. मे काही लांब नाही. तुझं घर मी दर आठवड्याला उघडून झाडतो.

तुळशीराम


काल्हेर, २७ सप्टेंबर

चि. तुळशीरामास आशीर्वाद.

मे लांब नाही असं तू म्हणतोस. तुझ्या अंगणात बसून म्हणतोस.

मी ठरवलं आहे. गुरुवारी दसरा. त्या दिवशी आपल्याकडे कोयता, नांगर, गाडी, सगळ्याची पूजा करतात. तू आपली पक्कड आणि शिडी पुजायचास, मीच त्यांना हळदकुंकू लावायची. तर मी या घरातल्या यंत्रांची पूजा करणार. पांढऱ्या डब्याला हार, काळ्या डब्याला हार, फोनला फूल, आणि दोन्ही कॅमेऱ्यांच्या डोळ्याला ओलं कुंकू. मनोज काय बोलेल? पूजा आहे, दुसऱ्या दिवसापर्यंत उतरवायची नसते.

त्याला दिसेनासं झालं की मी दहा वाजता खाली उतरणार. दारावरचं टिंग वाजेल, तर वाजू दे. केर टाकायला गेले असं समजेल. दामूचा टेम्पो मागच्या गेटला उभा असेल. त्याला मी अजून काही सांगितलं नाही, आयत्या वेळी सांगेन. तो नाही म्हणणार नाही. तू फक्त घराचं कुलूप काढून ठेव आणि माठात पाणी भर. एकदा मी माझ्या ओट्यावर बसले की मग मनोजशी मी बोलेन. तिथून मला कोण उठवतो ते बघते.

हे तुझ्याशिवाय कुणाला माहीत नाही.

ताई


काल्हेर, ३ ऑक्टोबर

तुळशीराम,

काल पूजा झाली. कॅमेऱ्याला कुंकू लावलं तसा फोन वाजला. "आई, लेन्स पूस." मी म्हटलं, दसरा आहे, उद्या पुसेन. तो म्हणाला, बरं. इतक्या सहज बरं म्हणाला, तेव्हाच मला समजायला हवं होतं.

दहा वाजता पिशवीत दोन लुगडी आणि औषधं घेऊन खाली गेले. मागच्या गेटला वॉचमन उभा, आणि त्याच्या बाजूला हेमाली, सणाचा स्वयंपाक तसाच टाकून. तिचे डोळे ओले होते. म्हणाली, "काकू, मनोजदादाचा काल संध्याकाळीच फोन आला. तुम्ही दामूच्या टेम्पोत बसणार म्हणून. मला तुम्हाला अडवायला लावू नका हो, प्लीज."

दामू टेम्पोतून उतरला. म्हणाला, "आये, मना तर कायच म्हाईत न्हाय. कोणी सांगलं यांना?"

दामूला माहीत नव्हतं. कॅमेऱ्याला दिसत नव्हतं. आदल्या संध्याकाळी तर मी कुंकू भिजवलंही नव्हतं. टेम्पोचं मी एका कागदावर लिहिलं होतं आणि तो कागद एका माणसाकडे गेला होता. वर आले, कॅमेऱ्यांचं कुंकू पुसलं आणि कुंडीपाशी उभी राहिले. मग कुंडीचंही समजलं. काचेत प्रतिबिंब म्हणे.

बत्तीस वर्षं कुणाचं बोलणं ऐकलं नाहीस, आणि ऐकलंस ते बहिणीचं. कुंपणच शेत खाऊ लागलं तर शेताने जायचं कुठे?

मी दार लावून घेतलं तेव्हा हेमाली बाहेर रडत होती. मला रडू आलं नाही. खरं सांगायचं तर या घरात आल्यापासून काल मला पहिल्यांदा भीती वाटली. याआधी एक खिडकी उघडी आहे असं वाटायचं.

उत्तर लिहू नकोस.

आनंदीबाई


खारबाव, ५ ऑक्टोबर

ताई,

लिहू नकोस म्हणालीस तरी लिहितो. हे पत्र मी कुणाला दाखवलेलं नाही.

तुझं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी मी त्याचा फोटो काढून मनोजला पाठवला. नंतरची सगळी तशीच गेली. त्याने मागितली नव्हती. मीच पाठवली. ऑटो आन्सरचं तुला शिकवलं तेही मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, राहू दे मामा, तिला तेवढं बरं वाटेल.

का केलं ते सांगतो, मग तू काय समजायचं ते समज. मे महिन्यात मी तुला दुपारी बारा वाजता उचललं. सगळे म्हणाले, तुळशीराम होता म्हणून वाचली. मनोजने मस्कतहून माझ्या पाया पडल्यासारखं केलं. पण त्या दिवशी सकाळी आठ वाजता मी तुझ्या दारावरून गेलो होतो. दूध द्यायचं होतं. दार लोटलेलं होतं, आतून हाक आली नाही. मला वाटलं, झोपली असेल. मी दुधाची पिशवी कडीला अडकवली आणि स्टेशनवर जाऊन गप्पा मारत बसलो. तू तेव्हा आत पडलेली होतीस. एक हाक मारली असती तर चार तास वाचले असते.

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. तू परत त्या घरात राहायला येणार याचीच मला भीती वाटते. तू तिथे असलीस की रोज सकाळी मला त्या दारावरून जावं लागेल. म्हणून तू काल्हेरला राहावीस असं मला वाटत होतं. तुझ्यासाठी म्हणत होतो, पण माझ्यासाठी होतं.

तुळशीराम


काल्हेर, ९ ऑक्टोबर

तुळशीराम,

दोन कागद पाठवतेय. हा तुझा. तुझं पत्र मी जाळलं. आठ वाजता मी तुझ्या चपलांचा आवाज ऐकला होता. आवाज फुटत नव्हता म्हणून हाक मारता आली नाही. पण मला माहीत होतं, तूच आहेस, आणि आज ना उद्या परत येशील. हे मीही कुणाला सांगितलं नव्हतं. राग गेला असं नाही. पण आता आपण दोघे तरी एकमेकांशी खोटं बोलणं थांबवू.

दुसऱ्या कागदाचा फोटो काढ. नीट काढ, अंगठा येऊ देऊ नकोस. मनोजला पाठव.


मनोज,

हे मी तुला लिहितेय, मामाला नाही. तू माझी पत्रं वाचतोस म्हणून मी रागावले होते. आता वाटतं, निदान वाचलीस तरी. समोर मला तुझ्याशी असं बोलता आलं नसतं.

मी मोरीत चार तास पडले, ते तुझ्या मनातून जात नाही. मला माहीत आहे. पण त्या चार तासांत मला एकटं वाटलं नाही. कोणीतरी येणार, हे मला ठाऊक होतं. बाहेर कोंबड्या होत्या, रस्त्यावर माणसं बोलत होती. इथे मला चोवीस तास कोणीतरी बघतं, आणि येत कोणी नाही. हेमाली येते, पण ती तुझा फोन आल्यावर येते. तू मला जिवंत ठेवलंस, बाळा, त्याबद्दल मी तुझ्यावर रागवू कशी? पण मला इथे कंटाळा नाही आलाय, माझा जीव गुदमरतो. हे मी तुला इतके दिवस गमतीने सांगत होते. आज सरळ सांगते.

मी सोमवारी, तेरा तारखेला, खारबावला जाणार. लपून नाही. सकाळी दहा वाजता पुढच्या गेटने. हेमालीला अडवायला लावू नकोस, तिने मला अडवलं तर मी वर जाईन, कारण त्या पोरीला मी ढकलणार नाही. म्हणजे मला अडवायचं की नाही ते तिच्यावर नाही, तुझ्यावर आहे.

घरी गेल्यावर रोज सकाळी सात वाजता मी तुला मोबाईलवरून फोन करीन. सात वाजून दहा मिनिटांपर्यंत आला नाही तर मामाला पाठव. तो हाक मारल्याशिवाय दारावरून जाणार नाही. बाकी दिवसभर मी कुठे आहे, काय खाल्लं, ते विचारू नकोस. ती गोळी मी घेणार नाही. रक्तदाबाची घेईन. पडले तर पडेन. पडायचंच असेल तर माझ्या घरात पडू दे.

तुला आणखी काही सांगायचं असेल तर तूही मला पत्र लिही. मराठी लिहायला विसरला नसशील. पत्ता खारबावचा घाल.

आई


मस्कत, २४ ऑक्टोबर

ती. आईस मनोजचा नमस्कार.

दहावीनंतर पहिल्यांदा मराठीत एवढं लिहितोय. अक्षराला हसू नकोस.

सोमवारी तुझ्याकडे दहा वाजले तेव्हा मी मीटिंगमधून बाहेर येऊन उभा होतो. हेमालीला त्याआधीच फोन केला होता, तिला म्हटलं, आईची पिशवी खाली नेऊन दे. तू दाराबाहेर पडलीस तेवढं हॉलच्या कॅमेऱ्यात दिसलं. त्यानंतर काही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजून चार मिनिटांनी तुझा फोन आला तोपर्यंत मी झोपलो नव्हतो.

मामाने मला दुधाच्या पिशवीचं सगळं सांगितलं. फोनवर खूप रडला. मी म्हटलं, झालं ते झालं, मामा. मीही इथे बसून त्याच्यासारखंच करत होतो, तुझ्यासाठी म्हणून स्वतःसाठी.

एक गोष्ट विचारायची आहे. इथे आम्ही एका खोलीत चौघे राहतो. ड्युटीवरून आलो की मी मोबाईलवर काल्हेरचा हॉल लावून ठेवायचो. तू तांदूळ निवडताना दिसायचीस, कुकरची शिटी ऐकू यायची, मग मी जेवायचो. तुला वाटायचं मी तुझ्यावर लक्ष ठेवतोय. ते खरंच आहे. पण आता तू नाहीस तरी मी रोज लावतो. सोफा दिसतो, टेबल दिसतं. पंखा बंद आहे. डब्यांवरची दसऱ्याची फुलं वाळली आहेत.

लाईन इथूनच बंद करता येते. दोन बटणं दाबायची असतात. पहिलं रोज दाबतो, दुसऱ्यापाशी थांबतो. आई, तेवढं तूच सांग, बंद करू का?

तुझा,
मनोज